जकात नाक्यावरचा डबा

मी एकदा धुळ्याच्या रस्त्यावर वनस्पती तुपाचा डबा काखेत घेऊन पळाले. चालले नाही, पळाले, आणि तेही शर्यतीत, चांगली पहिली असताना. काखेत डबा, कमरेला बांधलेल्या ओढणीत नारळ, मुठीत अकरा रुपये. डबा धरलेला हात हलत नाही आणि एक हात हलला नाही की माणूस वाकडा पळतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं, पण फार उशिरा. आता मला कुणी विचारलं की सुमनआजी, जन्मातला सगळ्यात मोठा मूर्खपणा कोणता, तर नातवंडांना वाटतं मी त्यांच्या आजोबांशी लग्न केलं ते सांगेन. ते दुसऱ्या नंबरावर आहे.

आम्ही असोद्याचे. नाना, म्हणजे माझे वडील, केळीवाले. बाग गावापासून चांगली लांब होती आणि घरात मी एकटीच रिकामटेकडी आहे असं मायचं ठाम मत होतं, त्यामुळे नानांची न्याहारी पोचवायचं काम माझ्याकडे. कळण्याची भाकरी, ठेचा, हंगाम असला तर आदल्या रात्रीचं भरीत, आणि सारं एका फडक्यात घट्ट बांधलेलं. विहिरीवरचं इंजिन गावाच्या वेशीपासून ऐकू यायचं, आणि माझे पाय त्या आवाजाला धरून पडायचे. केळीची पानं वाऱ्यानं फाटून एकमेकांवर घासत, तर पाऊस आल्यासारखं वाटे. अजून पहाटे जाग आली की माझे कान ते इंजिन शोधतात. इथे धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, पहाटे फक्त टाकीची मोटर वाजते आणि शेजारच्यांचा मोबाईल. मोटर चालू झाली की झोपेतच माझा उजवा पाय हलतो, असं सूनबाई सांगतात. आता एवढीच माझी धावपळ.

कमल मला बागेतच भेटली. ती आईबरोबर केळीची वाळली पानं कापायला यायची. तिचे वडील जळगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, हमाल होते. आम्ही एकाच शाळेत, एकाच वर्गात होतो, पण बोलायला लागलो बागेत. मी न्याहारी घेऊन धापा टाकत आले की ती विळा थांबवून बघायची. एक दिवस म्हणाली, "तू कुत्रं मागं लागल्यासारखी काऊन पळती?" मी म्हणाले, "तू पळून दाखव." विहिरीपर्यंत मी जिंकले. ती म्हणाली, "विहीर जवळ हाये. पाटापर्यंत चाल." पाटापर्यंत ती जिंकली, आणि तिला साधी धापही लागली नव्हती. तिथून पुढे रोज पहाटे पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं आम्ही दोघी. कमल पुढे, मी तिच्या पाठीमागे, तिच्या वेणीच्या लाल रिबिनीवर नजर ठेवून. ती रिबीन एका लयीत डावीकडून उजवीकडे जायची. मला घड्याळ नव्हतं, ती रिबीन होती.

आमच्या ओट्यावर कमलचा चहा कोनाड्यातल्या वेगळ्या कपातून यायचा. ती बौद्धवाड्यातली. मला त्यात काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर मी पाहतच नव्हते, मी माझ्या चहात साखर किती पडली तेवढंच बघायची. बुटांचा जोड मात्र आम्हा दोघींत एकच होता. कापूस वेचणीच्या पैशांतून आम्ही जळगावच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते. एक दिवस ते तिच्या पायात, एक दिवस माझ्या. आजीला हे कळलं तेव्हा ती नुसती मायकडे बघत राहिली. माय म्हणाली, "पायातलं कोण बघते?" तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं. आज मला वाटतं, कपाचं प्रकरणही मी असंच कधीतरी काढायला हवं होतं. पण मी तेव्हा पळण्यात फार हुशार होते, बाकी सगळ्यात ठोंब.

त्या काळी मुलींना शर्यतीत भांडी मिळायची. मुलांना रोख रक्कम आणि आम्हाला स्टीलचे पेले, वाट्या, फार तर डबा. म्हणजे पहिली येऊनही मुलगी फिरून स्वयंपाकघरात. आमच्या मांडणीवर माझ्या पायांनी कमावलेले पेले होते आणि माय पाहुण्यांना त्यातूनच पाणी द्यायची, "हे आमच्या सुमीनं पळून आणले," असं सांगून. पाहुण्यांना वाटायचं मी कुणाच्या घरातून उचलून पळाले.

मग एक दिवस ड्रिलच्या सरांनी शाळेत बातमी आणली. धुळ्याच्या एका व्यायामशाळेनं मुलींची लांब पल्ल्याची शर्यत ठेवली होती, अलीकडच्या फागणे गावापासून धुळ्याच्या मैदानापर्यंत, सडकेनं. पहिलं बक्षीस पाचशे एक रुपये. रोख. त्याच महिन्यात पुण्याला मुलींचं शिबिर होतं, सरांनी आमची दोघींची नावं पाठवली होती आणि ती निवडली गेली होती. शिबिरातून पुढे राज्याच्या संघात घेणार होते. फक्त जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, जेवण आपापलं. नाना बागेच्या बांधावर बसून एवढंच म्हणाले होते, "जाय ना पुण्याले. पाय तुहे, तं भाडंही तुहं." कमलच्या घरी विचारायचीही सोय नव्हती. पाचशे एकात दोघी जाऊन येऊ शकत होतो, वर बुटांचा दुसरा जोड. आमच्यापैकी कुणीही पहिलं आलं तर दोघी जायचं, असं आम्ही पाटावर बसून, पाय पाण्यात सोडून ठरवलं.

सर मात्र बातमी देऊन वर नाराज. म्हणाले, "बक्षिसाच्या पैशासाठी पळू नका. खेळाडूनं खेळासाठी पळावं. पैशासाठी पळतो तो हमाल."

कमल शांतपणे म्हणाली, "माहे वडील हमालच हायेत, सर. पण त्यांले रोज तरी मिळतो."

दुसऱ्या दिवशी सरांनीच आमचे फॉर्म भरले.

बेत सगळा कमलचा होता. ती सारखी एका चालीनं पळणारी, माझ्यात शेवटची उडी होती पण धीर नव्हता. "जकात नाक्यापर्यंत मी पुढे राह्यते," ती म्हणाली. "वारा मी घेते. तू माह्या पाठीमागं गपचिप ये. नाका गेला की सुट. तिथून मैदान जवळच हाये, मग तुले धरणारं कोणी नाही." आणि शर्यतीच्या दिवशी बूट तिच्या वाट्याचे असूनही तिनं ते माझ्या पायात घातले. शेवटची धाव तुझी आहे, म्हणाली. ती अनवाणी.

पहाटेच्या पहिल्या एसटीनं आम्ही फागण्याला उतरलो. थंडी होती, सडकेच्या दोन्ही बाजूंना बाभळी, आणि गावातली पोरंटोरं शेकोटीजवळून आम्हाला बघत हसत होती. मायनं दिलेल्या बट्ट्या आम्ही उभ्यानंच खाल्ल्या. मुली बऱ्याच होत्या. धुळ्याच्या शाळांच्या, अमळनेरच्या, आणि एक चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची, काळीसावळी, बारीक, जी कुणाशी बोलत नव्हती. मी तिला बघून कमलला म्हणाले, "ही काय पळणार?" माझा अंदाज जन्मभर असाच राहिला आहे.

आता त्या शर्यतीतली गंमत सांगते. कुस्तीच्या दंगलीत जसं कुणीतरी उठून म्हणतो, या जोडीवर माझ्याकडून एवढे रुपये, तसंच धुळ्याच्या व्यापाऱ्यांनी सडकेवर केलं होतं. ज्याचं दुकान, ज्याचा पंप, त्याचं त्याचं बक्षीस. तिथे पहिली पोचेल तिला. आमच्या पुढे एक जीप चालली होती, तिच्यावर भोंगा, आणि भोंग्यात एक गृहस्थ जे बहुधा लग्नाच्या वरातीतून थेट आले होते. "पेट्रोल पंपावर पहिली येणाऱ्या भगिनीला पंपमालकांतर्फे रुपये अकरा!" मी तोवर कमलच्या रिबिनीमागे आज्ञाधारकपणे पळत होते. अकरा म्हटल्यावर माझे पाय मला न विचारता सुटले. पंपावर मालकानं आधी कुंकू लावलं, मग हार घातला, मग नोट काढायला खिसे चाचपले. तोवर कमल आली आणि न थांबता पुढे गेली. मी धावत जाऊन तिच्या मागे लागले.

"झालं?" ती मान न वळवता म्हणाली.

"अकरा रुपये," मी म्हणाले.

"ते थांबणाऱ्याचं बक्षीस हाये. आपलं मैदानात हाये. मागं राह्य."

मागे राहिले. जिनिंगच्या फाटकाजवळ नारळ आला. मी पुन्हा सुटले. नारळ देणारे आबा म्हातारे होते, त्यांनी आशीर्वादही दिला, आणि आशीर्वाद लांबलचक होता. या वेळी कमलला गाठताना माझी छाती भरून आली. चोपड्याची मुलगी आमच्या मागे, एका अंतरावर, खाली मान घालून येत होती. भोंग्याकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

नाका दिसायला लागला. आता माझी वेळ जवळ आली होती, कमलनं आतापर्यंत सगळा वारा अंगावर घेतला होता, आणि इतकं करूनही मी पहिली येऊ शकले असते, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येतं. तेवढ्यात मागून कमलची हाक आली. रिबीन माझ्या डोळ्यांसमोरून बाजूला गेली होती. ती सडकेच्या कडेला एका पायावर उभी होती.

"सुमे, थांब जरा. काटा हाये. मोठा."

आणि नेमकं तेव्हाच भोंगा म्हणाला, "जकात नाक्यावर पहिल्या भगिनीला अमळनेरच्या शेटजींतर्फे वनस्पती तुपाचा मोठा डबा!"

मी काय केलं ते लिहायला हात थोडा अडतो, पण हसूही येतं. मी मागे वळून ओरडले, "तू काढ तोवर! मी डबा घेऊन थांबते!"

नाक्यावर शेटजी डबा घेऊन तयार होते, पण फोटोवाला तयार नव्हता. तो एका ट्रकच्या ड्रायव्हरला, सरक रे जरा, म्हणत होता. शेटजी म्हणाले, "बेटा, डब्याचं नाव समोर धर." मी धरलं. "हस." मी हसले. चोपड्याची मुलगी तेवढ्यात आमच्या बाजूनं, ट्रकच्या मागून, गेली. तिच्या पायांचा आवाजसुद्धा झाला नाही.

जीपमधले गृहस्थ म्हणाले, "ताई, डबा जीपमध्ये ठेवा, मैदानात देतो."

"अन् तुम्ही निघून गेले तर?" मी म्हणाले. नानांची मुलगी. केळीच्या व्यापाऱ्यांना ओळखून होते.

म्हणून डबा काखेत. धुळ्याच्या बाजारपेठेतून मी पळाले तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, आणि अहिराणीत एकजण ओरडला, "आरे देखा, दुकान पयी ऱ्हायनं!" म्हणजे बघा, दुकान पळतंय. सगळा रस्ता हसला. मलाही हसू आलं आणि हसताना पळता येत नाही, हेही ज्ञान त्याच दिवशीचं. चोपड्याची मुलगी फार पुढे होती. मैदानाच्या दारात आणखी दोघींनी मला मागे टाकलं. बक्षिसं तीनच होती. मी चौथी.

चोपड्याच्या मुलीनं पाचशे एकचं पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि पोलक्यात घातलं. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता. दोघांनी कोपऱ्यावर भजी घेतली आणि चोपड्याची एसटी पकडायला गेले. मला तिचा राग आला नाही. ती ज्यासाठी आली होती ते घेऊन गेली, एवढंच मला दिसलं. मी डब्यावर बसून होते. मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले, भोंगा उतरवला, तेव्हा कमल आली. पळतच आली, एका पायाच्या चवड्यावर, लंगडत. कुणी टाळ्या वाजवायला उरलं नव्हतं. तिनं आधी माझ्या पायातल्या बुटांकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"कितवी?" तिनं विचारलं.

मी बोटं दाखवली. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

पुण्याचं शिबिर आमच्याशिवाय झालं. नाना डब्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पुण्याले याच्यातच बसून जाशील का?" माय मात्र खूश होती. तो डबा तिनं जपून जपून वापरला, इतका की माझ्या लग्नाच्या लाडवांनाही त्यातलंच थोडं तूप होतं. लग्न धुळ्यालाच झालं. जकात नाक्यावरूनच माझी वरात आली, आणि नाक्याशी मी खाली मान घातली तर बायकांना वाटलं, पोरगी लाजरी आहे.

शर्यतीनंतरच्या उन्हाळ्यात कमलच्या वडिलांची जिनिंग बंद पडली. तिचा भाऊ आधीच सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता, तिथे सगळे गेले. जाताना ती बूट माझ्या ओट्यावर ठेवून गेली. मी घरी नव्हते, मामाकडे आंबे खात होते. मी पुष्कळ वर्षं ते बूट ठेवले आणि पुष्कळ वर्षं ती एकदा येईल असं धरून चालले. कोणी सुरतेहून आलं की विचारायचं. एकदा कुणी सांगितलं, तिथे ती मुलींना पळायला शिकवते. दुसऱ्यानं सांगितलं, ती कुणी दुसरी. माझी नात गार्गी हल्ली मोबाईलवर शोधून देते. "आजी, कमल नावाच्या इतक्या बायका आहेत," म्हणते, "फोटो बघून ओळखशील?" मी चष्मा लावून एकेक बघते. सगळ्या म्हाताऱ्या आहेत. मी शोधते ती वेणीत लाल रिबीन असलेली.

गार्गीही पळते. मागच्या हिवाळ्यात तिच्या मॅरेथॉनला मला खुर्ची टाकून बसवलं होतं. सगळ्यांना टीशर्ट, सगळ्यांना पदक, जिंकणाऱ्याला माणसाएवढा पुठ्ठ्याचा चेक आणि पैसे थेट खात्यात. शेवटी प्रत्येकाला एक केळं. मी तिला म्हणाले, "केळं आमच्या घरचं होतं गं, चेक नव्हता." पहिल्या आलेल्या मुलीला मी जवळ बोलावून विचारलं, पैशाचं काय करणार? ती म्हणाली, बूट आणि पुढच्या शर्यतीचं तिकीट. मग घाईघाईनं म्हणाली, "म्हणजे, पैशासाठी नाही पळत मी, आजी." मी म्हणाले, "पळ की. फक्त तुझ्याबरोबर कोण पळतंय ते बघ." तिला वाटलं म्हातारी प्रतिस्पर्ध्यांबद्दल बोलतेय.

शेटजींनी तो फोटो मढवून पाठवला होता. आमच्या हॉलमध्ये आहे. डब्याचं नाव स्पष्ट, माझे दात स्पष्ट. नातवंडं आलेल्या प्रत्येकाला दाखवतात आणि मीच सर्वांत मोठ्यानं हसते. सगळे गेले की कधी कधी मी फोटो उतरवून खिडकीशी नेते. माझ्या खांद्याच्या मागे सडक आहे, बाभळी आहेत, आणि फार मागे, कडेला, एक ठिपका. झाडाचं खोड असेल, मैलाचा दगड असेल. मी भिंग लावून बघते. ठिपका वाकलेला दिसतो.

त्या संध्याकाळी जळगावच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. आम्ही पळत आलो त्याच सडकेनं गाडी परत निघाली. बाजारपेठ गेली, नाका गेला, जिनिंगचं फाटक गेलं, आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो आणि भोंगा नव्हता म्हणून सगळं फार जवळजवळ वाटत होतं. काट्याचं टोक अजून टाचेतच होतं. कमलचा पाय मी मांडीवर घेतला आणि पोलक्याची सेफ्टी पिन काढून तो टोकरत बसले. गाडी उडायची तशी पिन लागायची, पण ती हूं की चूं करत नव्हती. निघाला तेव्हा तिनं काट्याचं टोक बोटावर घेऊन खिडकीबाहेर टाकलं. मग मी नारळ सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटून फोडला, कंडक्टर ओरडला, अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं. खोबऱ्याचा मोठा तुकडा मी तिला दिला. ती बराच वेळ चावत राहिली, फागणं मागे गेलं, बाहेर अंधारायला लागलं. मग माझ्याकडे न बघता, रागानं नाही, पाटावर बेत सांगायची तशाच आवाजात म्हणाली,

"नारळासाठी थांबली, डब्यासाठी थांबली. पुढच्या खेपेले माह्यासाठी थांबजो."